पिवळ्या दिव्याचा तास

सुनंदा गेल्याची बातमी आली त्या शनिवारी मी बेसा चौकातल्या एका दुकानात मिक्सरच्या भांड्याचं पातं बदलून घेत होतो. दुकानदार म्हणाला, "वायसरपण बदलू का?" मी म्हटलं, "बदला." तेवढ्यात फोन वाजला. तिच्या शाळेतून मुख्याध्यापिका बाई बोलत होत्या. प्रयोगशाळेत कपाट लावता लावता सुनंदा खाली बसली आणि नंतर उठली नाही, असं त्यांनी सांगितलं. मी भांडं तिथंच ठेवून निघालो. निघताना म्हणे मी दुकानदाराला, "सावकाश करा, घाई नाही," असं सांगितलं. हे त्यानेच मला पुढे कधीतरी सांगितलं.

त्यानंतरचे तेरा दिवस लोक भेटायला येत होते. येणारा आधी पाण्याचा पेला हातात धरायचा, फोटोकडे बघायचा, आणि मग हळूच म्हणायचा, "एक सांगू का?" की निघालाच किस्सा. तो ऐकून शेजारी बसलेल्याला दोन आठवायचे. माणूस गेल्यावर त्याचे कपडे, चष्मा, औषधं कुठं ठेवायची हे तरी कळतं. किस्से कुठं ठेवायचे ते कळत नाही, आणि ते तर रोज वाढत जातात. मी मुद्रितं तपासणारा माणूस, अधूनमधून लिहितोही. म्हणून इथं थोडे उतरवून ठेवतो. सगळे अणूचे आहेत. माझ्या बायकोने शेवटचं वर्षभर दुसरं काही केलंच नाही.

*

सुनंदा महाल भागातल्या मुलींच्या शाळेत आणि तिथल्याच ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होती. अठ्ठावीस वर्षं. परीक्षानळ्या धुणं, लोलक पुसणं, मुली यायच्या आधी सोडियमचा दिवा लावून तापत ठेवणं ही तिची कामं. मुली तिला मावशी म्हणत.

एक दिवस एका मुलीने तिला विचारलं, "मावशी, हा दिवा पिवळाच का असतो? निळा का नाही?"

"कंपनीतूनच तसा येते," सुनंदाने सांगितलं.

मुलीचं समाधान झालं. सुनंदाचं झालं नाही. घरी आल्या आल्या तिने मला विचारलं. मी म्हटलं, "त्यात सोडियम असतं ना, म्हणून."

"सोडियम असते म्हणून पिवळा. आणि पिवळा काहून? तर सोडियम असते म्हणून. वा. बीए झालेत तुम्ही."

मग तिने फोनला विचारलं, मोठ्या आवाजात, समोरच्या खिडकीत ऐकू जाईल असं. फोनने पिवळे दिवे मिळण्याची महालातली तीन दुकानं दाखवली. ती म्हणाली, "यालेबी माहीत नाही." तिला जरा बरं वाटलेलं दिसलं.

पण तिने फोन सोडला नाही. बघता बघता तिला अणूवरचा एक फुकटचा ऑनलाइन कोर्स सापडला, आठ आठवड्यांचा, हिंदी-इंग्रजीत. सोबतीला मराठीत समजावणाऱ्या एका तरुण शिक्षिकेचे व्हिडिओही सापडले. शाळेत ही गोष्ट फुटली. मुख्याध्यापिका बाई हसत म्हणाल्या, "शिकून झालं की अकरावीच्या मुलींचा एक तास तुम्हीच घ्या, मावशी. दिवा पिवळा का, तेवढंच सांगा." बाई हसत म्हणाल्या होत्या, सुनंदाने ते गांभीर्याने घेतलं. बोर्डासमोर उभं राहून एक तास. ती दुसरं काहीच मागत नव्हती.

फक्त तिने स्वतःलाच एक अट घातली, आणि ती माझ्या गळ्यात पडली.

"मले समजणं वेगळं न दुसऱ्याले समजावणं वेगळं," ती म्हणाली. "तुम्ही आर्टवाले. सायन्समध्ये एकदम कोरे. ज्या दिवशी मी सांगितलेलं तुम्हाले समजलं, त्या दिवशी बाईले तारीख मांगते. त्याच्या आधी नाही."

*

कोर्सला आम्ही चौघे होतो, पण नाव एकाचंच. ईमेल काढायला तेवढं तिलाच जमलं होतं. बाकीचे आम्ही तिच्याच खात्यावर चढलो. एक मी. दुसरे खालच्या मजल्यावरचे मेश्राम भाऊ, वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. तिसरी लता, सुनंदाची मावसबहीण. ती कामठीला असते, घरी पॉवरलूम आहे. ती रविवारी व्हिडिओ कॉलवरून यायची.

दर आठवड्याला दहा प्रश्नांची चाचणी असे, आणि उत्तर द्यायची संधी एकदाच. मेश्राम भाऊंनी पंधरा वर्षं युनियनचं सचिवपद सांभाळलेलं. ते म्हणाले, "चार माणसं आहेत, एक उत्तर आहे. हात वर करा न मोजा."

त्याप्रमाणे हात वर झाले. पहिल्याच प्रश्नाला सुनंदा म्हणाली, प्रोटॉन धन. आम्ही तिघांनी दुसऱ्या पर्यायाला हात वर केला, कारण मेश्राम भाऊंनी आमच्याकडे तसं पाहिलं. तीन विरुद्ध एक. दहापैकी आठ प्रश्नांत हेच झालं. निकाल लागला: दोन गुण.

ते दोन गुण ज्या प्रश्नांचे होते, तिथं आम्ही तिघे आपसात भांडलो होतो आणि कंटाळून तिचं ऐकलं होतं.

मेश्राम भाऊ म्हणाले, "प्रोसिजर बरोबर होती, वहिनी."

"भाऊ," सुनंदा म्हणाली, "अणूले बहुमत कळत नाही."

पुढच्या आठवड्यापासून युनियन बरखास्त झाली.

*

मेश्राम भाऊंचं आणि इलेक्ट्रॉनचं एकदा फार बिनसलं. व्हिडिओतल्या त्या तरुण शिक्षिकेने सांगितलं की तारेतले इलेक्ट्रॉन मुंगीपेक्षाही हळू सरकतात. आणि आपल्या घरच्या विजेत तर ते पुढे-मागे थरथरत जिथल्या तिथंच राहतात.

मेश्राम भाऊंनी व्हिडिओ थांबवला. मागे घेतला. पुन्हा ऐकला.

"जिथल्या तिथंच म्हणजे?"

"म्हणजे रस्त्यावरच्या डीपीतला इलेक्ट्रॉन तुमच्या घरी येत नाही," सुनंदा म्हणाली. "तो डीपीतच हलून राहते. तुमच्या घरचा तुमच्या घरी हलते. ताकद तेवढी पोचते."

"येतच नाही?"

"नाही."

भाऊंनी वर पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "भरपावसात खांबावर चढलो मी, वहिनी. लोक खालून शिव्या देत, लाइट कधी येते म्हणून. आज ही पोरगी सांगते का ते येतच नव्हतं. हे मले तेव्हा माहीत असतं, तर वरूनच सांगितलं असतं ना, जे आहे ते तुमच्याच घरी आहे, जाऊन झोपा."

सुनंदा माझ्याकडे वळली. "तुम्हाले समजलं?"

"भाऊंचं दुःख समजलं," मी म्हटलं.

"म्हणजे नाही," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या नावाचं एक पानच होतं त्या वहीत. मी ते तेव्हा कधी उघडून पाहिलं नाही.

*

अणू आतून किती रिकामा असतो, हे मला काही केल्या पटत नव्हतं. सुनंदा म्हणाली, बोलून उपयोग नाही, करून दाखवू. एका रविवारी सकाळी तिने सोसायटीच्या फाटकाच्या भिंतीवर हरभऱ्याचा एक दाणा ठेवला. हे केंद्रक. केंद्रक एवढं धरलं, तर इलेक्ट्रॉन चारशे-पाचशे मीटरवर. मेश्राम भाऊंना इलेक्ट्रॉन करून स्कूटरवर पाठवलं.

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. सुनंदाने स्पीकर लावला.

"वहिनी, पोचलो. इथं गुपचूपवाल्याचा पाणीपुरीचा ठेला आहे."

"तिथंच थांबा."

"दोन मिनिटं थांबलो, तर चालते का? का इलेक्ट्रॉनले थांबता येत नाही?"

"खाऊन घ्या न फिरा."

ती मला म्हणाली, "आता बघा. इथं हा दाणा. तिथं भाऊ. मधात काय आहे?"

मी म्हटलं, "मधात दोन किराणा दुकानं, एक सलून आणि..."

"ते नाही धरायचं. मधात काहीच नाही. खाली आहे सगळं, रिकामं. तुम्ही, मी, ही भिंत, सगळं असंच खाली. काय राहिलं मग? हा एवढासा दाणा."

तिने बोट दाखवलं. दाणा नव्हता. भिंतीवर एक कबुतर बसलेलं होतं, मान मागेपुढे करत.

सुनंदाने फोन तोंडाजवळ नेला. "भाऊ, घोटाळा झाला. केंद्रक कबुतरानं खाल्लं."

पलीकडे मेश्राम भाऊंच्या तोंडात गुपचूप होतं. ते गिळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग मी आता कोणाच्या भोवती फिरू?"

*

लताचं आमच्या सगळ्यांहून वेगळं होतं. ती वहीत काही लिहायची नाही. लूम चालू असायचा, धागा तुटला की उठायचं असायचं, त्यामुळे फोन ती लूमशेजारीच ठेवायची. आमच्या वर्गाला कायम खटाखट आवाज. कोर्सचे सर लूमच्या मागून बोलत आहेत असं वाटायचं.

मूळ कोर्सचे सर फार भरभर बोलत, म्हणून सुनंदा व्हिडिओचा वेग कमी करून लावायची. दोन रविवार लताने ऐकून घेतलं. तिसऱ्या रविवारी तिने विचारलं, "ताई, हे सर सकाळीच घेऊन बसतात का वं?"

त्याच दिवशीचा धडा होता की इलेक्ट्रॉन अणूत ठराविक पायऱ्यांवरच राहतो, दोन पायऱ्यांच्या मधे कधीच नाही. सरांनी त्याला चाळीस मिनिटं घेतली. आमच्या वेगाने तासभर. समीकरणं झाली, आकृत्या झाल्या. मेश्राम भाऊ पेंगले. मी पेंगत नव्हतो, पण त्याने काही फरक पडत नव्हता.

शेवटी सुनंदा म्हणाली, "लता, तुले काही समजलं का?"

"त्यात काय आहे?" लताने फोन उचलला आणि लूमच्या बाजूला नेला. तिथं एक दात्यांचं चाक होतं. कापड विणलं जाईल तसं ते चाक एकेक दाता पुढे सरकतं. "हे पाह्य. एक दाता फिरते, नाही तर दोन फिरतात. अर्धा दाता फिरत नाही. अर्ध्यावर थांबतच नाही ते. तसंच ना?"

सुनंदाने सरांचा व्हिडिओ बंद केला.

"तसंच," ती म्हणाली.

"आणि हे ज्यानं शोधलं त्याले मोठं बक्षीस भेटलं म्हणे?"

"भेटलं."

"माह्या सासऱ्यानं हे चाक चाळीस वर्षं पुसलं," लता म्हणाली. "त्याले कोणी चहाबी नाही पाजला."

त्या दिवशी संध्याकाळी सुनंदा मला म्हणाली, "लताचं उदाहरण तासाले घेते मी. पण पोरींनी लूम कुठं पाहिला? पायरीच घ्यावी लागते." मग विचारलं, "तुम्हाले दात्याचं समजलं का?"

मी म्हटलं, "चाकाचं समजलं. अणूचं बघतो."

*

आता 'मावशी सर'चा किस्सा.

सहाव्या आठवड्यात सरांनी सांगितलं की सोडियमच्या दिव्याची जी पिवळी रेघ दिसते, ती खरं म्हणजे दोन रेघांची आहे, अगदी जवळजवळ. विद्यार्थ्यांना बहुधा एकच दिसते.

सुनंदाने भांडी घासता घासता ओल्या हाताने व्हिडिओ थांबवला. "दोनच आहेत. मले माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"पोरी यायच्या आधी उजेड पाहायची नळी आम्ही लॅबवालेच लावून ठेवतो ना. नीट लावली तर दोन दिसतात. मी एकदा फिजिक्सच्या मॅडमले सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, मावशी, चष्मा तपासून घ्या." ती हसली. "मी तपासूनबी आली."

कोर्सच्या पानावर प्रश्न विचारायची जागा होती. तिथं तिने पहिल्यांदाच लिहिलं, मराठीतच: रेघा दोन का असतात, आणि मला त्या अठ्ठावीस वर्षांपासून दिसतात. कोर्सवाल्यांचं उत्तर इंग्रजीत आलं, सविस्तर, सुरुवात 'डिअर सर'. तिने उलट लिहिलं, 'मी सर नाही. मी मावशी आहे.' पुढचं उत्तर आलं: 'रिस्पेक्टेड मावशी सर'.

झालं. कोर्समधली देशभरातली पोरं तिला मावशी सर म्हणायला लागली. कोणी दूरच्या गावातला विचारायचा, मावशी सर, आमच्या कॉलेजात रेघ एकच दिसते, काय करू? ती लिहायची: दिव्याला दहा मिनिटं तापू दे. नळीची फट बारीक कर. घाई करू नको. तिच्या त्या तीन वाक्यांखाली आभाराची रांग लागायची.

मेश्राम भाऊ एकदा म्हणाले, "वहिनी, एवढ्या पोरांले शिकवून राहिल्या तुम्ही. आता शाळेतल्या तासाले काय भ्यायचं?"

"ते दिसत नाहीत भाऊ. समोर पोरी बसल्या न त्याहिनं माह्याकडं पाहिलं तर?"

"तर काय?"

"तर मले भांडेच घासावं वाटन."

*

कोर्स संपला. ती पास झाली. बाई दोनदा म्हणाल्या, "मावशी, तारीख सांगा." सुनंदा दोन्ही वेळा म्हणाली, "घरचा एक विद्यार्थी कच्चा आहे अजून."

मग तिने घरीच तालीम ठेवली, गुरुवारी संध्याकाळी. लता दोन ऑटो बदलून कामठीहून आली. हॉलमध्ये सतरंजी घातली. कपाटाच्या दाराला काळा कागद चिकटवून बोर्ड केला. सुनंदाने इस्त्रीची साडी नेसली होती आणि केसाला तेल लावलं होतं. आम्हाला म्हणाली, "तुम्ही अकरावीच्या पोरी. मी आली का उभं राहायचं."

लता आणि मी उभे राहिलो. मेश्राम भाऊंचा गुडघा दुखत होता, म्हणून त्यांना मागे स्टुलावर बसवलेलं. ते म्हणाले, "मावशी, पाणी प्यायले जाऊ का?"

"तास सुरू होऊन एक मिनिट नाही झालं."

"मावशी, ही लता मले चिमटे काढून राहिली."

"ए मिशीवाली," सुनंदा म्हणाली, "गप बस, नाहीतर बाहेर उभी करीन."

त्या एका वाक्याने तिचा आवाज सुटला. त्यानंतर ती थांबली नाही. तिने बोर्डावर अणू काढला, पायऱ्या काढल्या. मग म्हणाली, "आता स्वयंपाकघरात चला. रांगेत." गॅस पेटवला, आणि निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकलं. ज्योत पिवळीधमक झाली.

"हे काय झालं?" तिने विचारलं.

मेश्राम भाऊ म्हणाले, "वहिनी, हे तर वरण उतू गेलं का रोज दिसते."

सुनंदा मिठाचा डबा हातात धरून तशीच उभी राहिली. "रोज दिसते," ती म्हणाली. "न मी लॅबमध्ये जाऊन दिवा पुसून राहिली."

मग तिने सांगायला सुरुवात केली. हॉलमध्ये परत न जाता, तिथंच ओट्यापाशी. "मिठात सोडियम आहे. त्याचा एक इलेक्ट्रॉन सगळ्यात बाहेर, एकटा. गरमी लागली का तो एक पायरी वर चढते. वर त्याले राहता येत नाही. तो खाली येते. चढायले जेवढी ताकद लागली, उतरताना तेवढीच बाहेर टाकते. ना कमी ना जास्त. कारण पायरीची उंची ठरलेली. तेवढ्या ताकदीचा जो उजेड, तो पिवळा. वरणात टाका, दिव्यात भरा, कुठंबी न्या. सोडियमची पायरी तेवढीच. म्हणून पिवळाच. निळा व्हायले पायरी उंच पाहिजे. ती त्याच्याजवळ नाही."

गॅसवर अजून थोडं मीठ तडतडत होतं. तिने तो बंद केला.

"समजलं?" तिने आधी लताला विचारलं.

"एकदम, ताई."

"मिशीवाली?"

"मिशीवालीलेबी समजलं," मेश्राम भाऊ म्हणाले.

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या हाताला खडू होता आणि मीठही.

मी म्हटलं, "नाही बुवा. पुन्हा एकदा सांग."

मेश्राम भाऊ मोठ्याने हसले. लताने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, तुमच्यासाठी लूमच आणावा लागते." सुनंदा रागावली नाही. तिने ओट्यावरचं मीठ ओल्या फडक्याने पुसलं आणि थोडा वेळ विचार केला.

"मग पायरीच्या जागी दुसरं काही पाहिजे," ती म्हणाली. "सोमवारी पुन्हा घेते."

मला समजलं होतं. पहिल्याच वेळी समजलं होतं. मधे शनिवार आला, तिला ते सांगायचं राहिलं.